तेलाचा थेंबही घातला नाही

आमच्या वडिलांचं आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर चाललं. उठणं, जेवणं, निजणं सगळं भोंग्याच्या हिशोबाने. पुढे सोलापुरातल्या गिरण्या एकेक करत बंद पडल्या, भोंगे गप्प झाले. एकच भोंगा अजून चालू आहे, तो माझ्या पोटात. रोज संध्याकाळी सव्वापाचला वाजतो. रविवार नाही, सण नाही, एका मिनिटाचा फरक नाही.

पन्नाशीपर्यंत मला त्याचं कौतुकच होतं. मग ऑफिसच्या तपासणीत वजन भरलं ८६ किलो. उंची मात्र होती तेवढीच, पाच फूट सहा इंच. डॉक्टरांनी कागद पाहिला, पोट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "संध्याकाळी काय खाता?" सकाळचं नाही, दुपारचं नाही. अनुभवी माणूस.

त्यांनी ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं त्यांनी एक तक्ता दिला. त्यातल्या संध्याकाळच्या रकान्यात मखाणे, सूप, मूठभर चुरमुरे, मूठभर फुटाणे, काकडी, ताक, आणि खाली 'यांपैकी एक'. मी ते 'यांपैकी एकेक' असं वाचलं. पहिला आठवडा फार सुखाचा गेला.

मखाण्यांचं एक पाकीट आणलं. खाताना खाल्ल्यासारखं वाटत नाही, पैसे देताना मात्र दिल्यासारखं वाटतं. सूप एप्रिलमध्ये सुरू केलं. पारा ४२ वर, पंखा वरून गरम वाफ सोडतोय आणि समोर दुधीचं वाफाळतं सूप. दोन दिवसांनी दुधी आणि मी दोघांनीही माघार घेतली.

राहिले चुरमुरे. इथे मुद्दा मुठीचा आला. मूठभर म्हणजे कोणाची मूठ? बाईंची मूठ मी पाहिली होती, तिच्यात पेन जेमतेम मावत होतं. आमच्या घराण्याची मूठ मागावरची. आजोबांनी उभा जन्म हातमागावर धोट्याची दोरी ओढली, वडिलांनी गिरणीत काढला. मी पोटापुरते शिक्के मारतो, पण मूठ खानदानी आहे. तिने चुरमुरे घेतले की परात भरते.

"अहो, ही मूठ आहे की सूप?" बायको म्हणाली.

"सूपही चालतं," मी म्हणालो, "तक्त्यात आहे."

दुसऱ्या दिवशी घरात छोटा वजनकाटा आला. असा काटा मी आजवर सराफाकडेच पाहिला होता. चुरमुरे वीस ग्रॅम, म्हणजे साधारण ७५ कॅलरी. बशीत मात्र चांगला ढीग दिसतो. इथवर सगळं छान. पण सोलापुरात नुसते चुरमुरे कोणी खातं का? त्यात कांदा हवा, लिंबू हवं आणि शेंगदाणे हवेत. शेंगदाणे नसलेले चुरमुरे म्हणजे वऱ्हाडाशिवाय वरात. मी तीस ग्रॅम शेंगदाणे काट्यावर ठेवले आणि कुतूहल म्हणून मोजले. अठ्ठेचाळीस भरले. पुस्तकात पाहिलं तर शंभर ग्रॅमला ५६७ कॅलरी, म्हणजे तिसाला १७०. चुरमुऱ्यांच्या दुपटीहून जास्त. एका दाण्याला साडेतीन! जन्मभर बाजारात चव बघायला म्हणून ढिगातून उचललेले सगळे दाणे मला आठवले.

तेव्हापासून मी शेंगदाणे कॅशियरसारखे मोजून खातो. बारा दाणे, बेचाळीस कॅलरी, खातं बंद. शेंगदाणा निदान मोजता तरी येतो. चटणी मोजता येत नाही.

सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोडायला सांगणं म्हणजे आडनाव बदलायला सांगण्यासारखं आहे. आमच्याकडे ती आई करते. वय अठ्ठ्याहत्तर, पण मिक्सरला हात लावत नाही. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात घालून कुटायचे. दाणे आधी भरड होतात, मग त्यांचा चुरा होतो. मग एका क्षणी तो चुरा उखळाला चिकटायला लागतो, रंग गडद होतो आणि मुसळाला चकाकी येते. त्या क्षणी मी तिथे असतोच. परवा मी आईला स्पष्ट सांगितलं की मला आता तेल चालत नाही.

"तेल कुठंय रे? तेलाचा थेंबही घातला नाही मी," आई म्हणाली. म्हणताना तिने चटणीची चिमूट माझ्यासमोर धरली होती आणि अंगठ्यावरून तेलाचा ओघळ मनगटाकडे निघाला होता.

आई खोटं बोलत नव्हती. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. कुटलं की ते बाहेर येतं, एवढंच. चटणीत तेल घातलेलं नाही, ते तिथलंच रहिवासी आहे. मी एक चमचा वजन केला. पंधरा ग्रॅम, ऐंशी कॅलरी. आणि चटणी एक चमचा खाणारा माणूस मी अजून सोलापुरात पाहिलेला नाही. तिखट लागते म्हणून दही घ्यायचं, दही उरलं म्हणून पुन्हा चटणी.

बायकोने निकाल लावला. चटणीची बरणी ओट्यावरून गेली. कुठे गेली ते मला सांगायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी काकडी. काकडी खरोखर गरीब, शंभर ग्रॅमला पंधरा कॅलरी. पण आमच्याकडे काकडी एकटी कधी पानात येत नाही. तिची कोशिंबीर होते, तिला कूट लागतं, वर फोडणी पडते. काकडी पंधराची, अंगावरचे दागिने दीडशेचे. ताकात तेवढं अजून कोणी कूट घातलेलं नाही.

मग वाटलं, भोंगा वाजायच्या वेळी आपण घरीच असू नये. सिद्धेश्वर तलावाभोवती फिरायला लागलो. पाणी, देऊळ, किल्ला, वारा, सगळं उत्तम. फक्त परतीची वाट पार्क चौपाटीवरून येते. तिथे शाळेतला एक मित्र भेटला.

"मिरची खा बे," तो म्हणाला, "मिरचीला कॅलरी नसतात."

ते खरंही आहे. मिरचीला फारशा नसतातच. पण तिने जो बेसनाचा कोट घातलेला असतो त्याचं काय? एक छोटा चमचा तेल म्हणजे चाळीस कॅलरी. मी त्याला हे समजावत होतो, त्यात दोन मिरच्या संपल्या. हातातला पेपर इतका पारदर्शक झाला होता की मागच्या पानावरचे कांद्याचे भाव सरळ वाचता येत होते.

शेवटी उपाय घरातच सापडला. कडक भाकरी! ज्वारी, पाणी, मीठ. तेल कुठल्याही मार्गाने आत शिरलेलं नाही. शेकून शेकून पापडासारखी केलेली, कित्येक दिवस टिकणारी. काट्यावर एक भाकरी पस्तीस ग्रॅम, म्हणजे सव्वाशेच्या आत. चावता चावता जबडा थकतो आणि पोटाला वाटतं बरंच काही चाललंय. मी डबा घेऊन ऑफिसला गेलो आणि सव्वापाचला पहिला तुकडा मोडला. कड्! समोरच्या टेबलावरच्या बाईंनी छताकडे पाहिलं. साहेबांनी केबिनचं दार उघडलं, मला पाहिलं, पुन्हा लावलं. दुसरा तुकडा मी तोंडात नुसता धरून ठेवला, भिजेपर्यंत.

हा पदार्थ चोरून खाता येत नाही, त्यामुळे डाएटला फार चांगला, असं मी बायकोला सांगितलंही. त्याच रात्री अकराला भोंगा पुन्हा वाजला. हा नवीनच प्रकार, दुसरी पाळी. मी अंधारात स्वयंपाकघरात गेलो, कडक भाकरी सोलापुरी चादरीच्या चार पदरात गुंडाळली, पोटाशी धरली आणि श्वास रोखून हलकेच दाबली. तरी कड् झालंच.

बायकोची कूस बदलल्याचा आवाज आला. मी तसाच उभा. मग बाहेरच्या खोलीतून, दिवसा कानाशी ओरडलं तरी जिला ऐकू येत नाही ती आई हळूच म्हणाली,

"चटणी पिठाच्या डब्यामागं आहे रे."