मागच्या चाकांचा वकील

चारपैकी दोनच टायर बदलायचे असे ठरवून जो मनुष्य टायरच्या दुकानात पाऊल टाकतो, त्याने अपमानाची तयारी ठेवूनच जावे, हे मला परवा कळले. माझ्या गाडीच्या पुढच्या दोन टायरांचा गोटा झाला होता. मागचे दोन अजून बरे होते. दोष माझाच. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो अशा गाडीत ओढणे, वळणे आणि ब्रेकचा बहुतेक भार सोसणे ही तिन्ही कामे पुढचीच चाके करतात, आणि मागची चाके पाहुण्यासारखी मागून येतात. म्हणूनच दर आठ-दहा हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करावी, म्हणजे चारही सारखी झिजतात आणि पुढे की मागे हा प्रश्नच उद्भवत नाही. ती मी मजुरी वाचवण्यासाठी तीन वर्षे टाळली होती.

“नवे टायर मागे लावा आणि मागचे पुढे घ्या,” एवढेच मी म्हणालो. पान्हा घेतलेल्या मुलाने मालकाकडे पाहिले, मालकाने माझ्याकडे पाहिले, आणि स्वतःची गाडी जॅकवर चढलेली असल्यामुळे ज्यांना दुसरे काहीच काम नव्हते असे एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या स्टुलावरून उठले.

“मागे?” ते म्हणाले. एखाद्याने टोपी गुडघ्यावर घातली असती तर त्यांनी याच स्वरात चौकशी केली असती.

माझे म्हणणे सरळ होते, आणि आजही आहे. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ओल्या रस्त्यावर या खाचा चाकाखालचे पाणी बाहेर काढतात. त्या उथळ झाल्या की पाण्याला वाट उरत नाही आणि वेगात टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. पुढचे टायर असे तरंगू लागले तर स्टिअरिंग एकाएकी हलके लागते, गाडी वळायचे नाकारून सरळ निघते, आणि घाबरलेला माणूस आपसूक जे करतो तेच, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलणे, बहुधा उपयोगी पडते. मागच्या टायरांची पकड सुटली तर मात्र हाताला आधी काहीच कळत नाही. गाडीची शेपूट पुढे जायला निघते, गाडी गिरकी घेते, आणि अशा वेळी दचकून पाय उचलला किंवा ब्रेक दाबला तर भार पुढे सरकून मागची चाके आणखी हलकी होतात. म्हणून गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या, अधिक खाचेची जोडी मागे लावा, असे टायर बनवणारेच सांगतात. (चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला बहुधा चारही टायर एकदम घ्यावे लागतात, तिच्या मालकांनी इथे उगाच हसू नये.)

हे सगळे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले.

“पुस्तकात वाचलेलं दिसतंय,” ते म्हणाले, आणि मग मालकाकडे वळून, जणू मी तिथे नव्हतोच अशा आवाजात, “शिकलेल्या माणसांचं असं होतं.”

त्यानंतर त्यांनी जे चालवले त्याला वाद म्हणता येणार नाही, कारण वादाला दोन बाजू लागतात. “ब्रेक दाबल्यावर माणूस कुठं जातो? पुढं जातो. मागं गेलेला पाहिलाय कधी?” यात थोडे तथ्य आहे, असे मी प्रामाणिकपणे कबूल केले आणि तिथेच फसलो. अशा माणसाचे थोडेसे मान्य करणे म्हणजे दार किलकिले करून फेरीवाल्याला “नको” म्हणण्यासारखे असते. घरातला तरणाताठा मुलगा ओसरीवर बसवून म्हाताऱ्या बापाला औताला जुंपणारा माणूस, अशी माझी ओळख त्यांनी दुकानात नव्याने आलेल्या दोघांना करून दिली. मध्येच, “टायरवरची तारीख तरी पाहिलीत का?” असेही विचारले. “ते मला माहीत आहे,” मी तोडून टाकले. टायरच्या कुशीवर जी अक्षरे-आकडे असतात त्यांच्या शेवटी चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, हे मला खरोखरच माहीत होते.

“बरं, करूनच दाखवतो,” ते म्हणाले. “तुम्ही पुढची चाकं, मी मागची.”

आणि मी नाही म्हणायच्या आत त्यांनी माझ्या मागे उभे राहून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. सुशिक्षित, प्रौढ, कर भरणारी दोन माणसे टायरच्या दुकानात आगगाडी आगगाडी खेळत निघाली. मी का चाललो, हे मला अजून सांगता येत नाही; बहुधा खांद्यावर हात पडला की चालू लागायचे, ही शाळेतली सवय जाता जात नाही. चार पावलांवर जुन्या टायरांची चळत होती, म्हणून मी डावीकडे वळलो. जमिनीवर रिमवर टायर चढवताना लावतात ते साबणाचे पाणी सांडलेले होते. माझे बूट नवे होते. त्यांच्या चपलांची टाच १.६ मिलिमीटरच्याही खाली गेलेली असावी. अनेक देशांच्या कायद्यात टायर बाद ठरतो तो याच मर्यादेला. मी वळलो, ते वळले नाहीत. त्यांचे पाय उजवीकडे निघाले, डावा हात माझ्या खांद्यावरून सुटला, उजव्या हाताच्या आधाराने ते माझ्याभोवती अर्धे फिरले, क्षणभर आम्ही समोरासमोर आलो, त्यांच्या चेहऱ्यावर मला निखळ आश्चर्य दिसले, आणि पुढच्या क्षणी ते चळतीतल्या सर्वांत वरच्या टायरमध्ये कंबरेपर्यंत बसले.

मागच्या चाकांची पकड सुटल्यावर काय होते, याचे इतके शुद्ध प्रात्यक्षिक मी कुठेही पाहिलेले नाही. मालकाने आणि मी दोन्ही हातांना धरून त्यांना उपसून काढले. उभे राहून त्यांनी विजार झटकली आणि सगळ्यांकडे पाहिले.

“बघितलंत? पुढचं चाक चुकलं की मागच्याचे हे हाल होतात.”

दोन्ही नवागतांनी माना डोलावल्या. मालकानेही डोलावली. इतके ढळढळीत साक्षीपुरावे समोर असताना खटला हरलेला वकील मी पहिलाच असेन. मी तोंड उघडले, तेवढ्यात मागून जॅक उतरल्याचा सुस्कारा ऐकू आला. त्या मुलाने आमच्या गडबडीत काम संपवले होते. नवे टायर पुढे.

“मागे सांगितले होते मी.”

“नवे पुढेच असतात, साहेब,” मुलगा समजूत घालत म्हणाला. पुन्हा बदलायचे तर चाकांच्या अदलाबदलीची मजुरी वेगळी पडेल, हे मालकाने बिलावरची मान न उचलता सांगितले. जी मजुरी वाचवायला मी तीन वर्षे टाळाटाळ केली, ती अखेर त्यांच्या चुकीसाठी मोजली. यात विनोदी काय आहे, हे मला अजून सापडलेले नाही. गिऱ्हाइकाचे सांगणे ऐकायचे नाही आणि न ऐकल्याचे पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे, हा कुठला हिशेब? मी निघालो तेव्हा ते गृहस्थ पुन्हा स्टुलावर बसून माझ्या मागच्या चाकांकडे हळहळत पाहत होते.

संध्याकाळी मी घरी गाडीमागे उकिडवा बसलो. नव्या टायरला साच्यातून आलेल्या रबराच्या बारीक मिशा असतात, त्यांवरून बोट फिरवायला बरे वाटते. आपण बरोबर होतो, हे निदान बोटाला तरी पटत होते. फिरता फिरता बोट एका लांबोळक्या चौकटीपाशी थांबले. पहिले दोन आकडे ४७. नंतरचे दोन चालू वर्षाचे नव्हते, गेल्या वर्षाचेही नव्हते, त्याच्या मागल्याचेही नव्हते. दुसऱ्या टायरचे आकडे आतल्या अंगाला गेले होते, म्हणून मी गाडीखाली आडवा होऊन विजेरीच्या उजेडात तेही वाचले. तेच.

परत जाऊन मालकाला जाब विचारावा म्हणून मी किल्ली घेऊन दारापर्यंत गेलो. पण त्या गृहस्थांची गाडी अजून जॅकवरच असली तर?