जुन्या पद्मिनीतील एसीबाबत खुलासा

‘प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत एसी बसवला की मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन हमखास बसते, आधीचा एसी असेल तर नुसता नवा गॅस भरून घ्यावा’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा सरळ चुकीचा.

१०८९ सीसीच्या त्या छोट्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा) भार जाणवतो, हे खरेच. मात्र गाडी तापते ती मुख्यतः हवेअभावी: कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, त्याची उष्णता रेडिएटरवर येते आणि सायनच्या सिग्नलला गाडी उभी असताना, इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा मंदावल्यामुळे ती बाहेर पडत नाही. रेडिएटर आतून साफ करून कंडेन्सरला स्वतंत्र विजेचा पंखा दिल्यास हा प्रश्न बराच सुटतो. गाडीत वीज तयार करणारा जुन्या पद्धतीचा डायनामो असल्यास तो बदलून नव्या पद्धतीचा अल्टरनेटर घालावा, कारण मंद गतीवर डायनामो जेमतेम वीज देतो; हा खर्च टाळणारे मग बॅटरीला दोष देतात.

गॅसचे म्हणाल, तर जुन्या एसीत आर-१२ हा गॅस असे आणि ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार तो हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४एमध्ये कॉम्प्रेसरला वंगण देणारे जुने खनिज तेल मिसळत नाही. परिणामी तेल कॉम्प्रेसरपर्यंत परत पोहोचत नाही आणि तो जाम होतो. म्हणून गॅस बदलताना जुने तेल पूर्ण काढणे, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) व रबरी रिंगा बदलणे आवश्यक आहे.