‘नुसते रंग, आकडे एकही नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. शेततळ्यासाठी आमच्या दुकानातून तालुक्याचा उंचीचा नकाशा मागवला, पैसे मोजले आणि हातात नुसते रंग आले. प्रत्येक चौकोनात उंचीचा आकडा हवा होता, विचारलं तर ‘होत नाही’ म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. काउंटरवर सांगितलं होतं ते ‘तालुक्याच्या कागदावर होत नाही’ असं. यातला ‘तालुक्याच्या’ हा शब्द रिव्ह्यूत लिहायचा राहून गेलाय, आणि सगळा हिशोब त्याच शब्दात आहे.

तुमचा डेटा एसआरटीएमचा, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेला. त्यात जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली असते; एक चौकोन जमिनीवर साधारण ३० बाय ३० मीटरचा. एका चौरस किलोमीटरात असे अकराशेच्या वर चौकोन बसतात; अख्ख्या सोलापूर जिल्ह्याचे दीड कोटीच्या पुढे जातात. तालुका ए-झिरो कागदावर बसवायचा तर स्केल १:५०,००० च्या आसपास ठेवावा लागतो, आणि त्यात एक चौकोन येतो ०.६ मिलिमीटरचा. त्यात ‘४५७’ लिहून दाखवणारा प्लॉटर, म्हणजे नकाशे छापायचा मोठा प्रिंटर, आमच्याकडे नाही. असता तरी तो आकडा वाचायला भिंग लागलं असतं.

दुसरीकडे आकडे छापून मिळाले, असंही तुम्ही म्हणता. मिळाले असतील. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पिक्सेलचा, म्हणजे चौकोनाचा, बिंदू करून त्याला लेबल लावता येतं. हे काही गुपित नाही, आमच्या क्लासमध्ये शिकवतोच. पण लेबलं एकमेकांवर चढायला लागली की सॉफ्टवेअर त्यातली बरीचशी गुपचूप गाळतं. उरतात ती जागा मिळाली म्हणून. महत्त्वाची आहेत म्हणून नव्हे. त्या नकाशावर दोन आकड्यांमधलं अंतर मोजून बघा, ३० मीटर भरतंय का ते.

त्यांच्या आणि आमच्या आकड्यात दोन मीटरचा फरक पडला, ही तुमची दुसरी तक्रार. त्यांची फाइल बघितल्याशिवाय खात्रीने बोलणार नाही. मात्र अक्षांश-रेखांशातला डेटा यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत नेताना चौकोन नव्याने मांडावे लागतात (रिसॅम्पलिंग); त्यासाठी बायलिनिअर पद्धत निवडली, तर शेजारच्या चार चौकोनांवरून नवी किंमत काढली जाते. आम्ही निअरेस्ट नेबर, म्हणजे सर्वात जवळच्या चौकोनाची किंमत तशीच उचलणारी पद्धत वापरतो. त्यात चौकोन किंचित सरकतो, पण त्याची मूळ किंमत तीच राहते. आकडाच वाचायचा असेल तर आमच्या मते हेच बरोबर.

आणि आकडे आम्ही ठेवून घेतलेले नाहीत. तुमच्या पेनड्राइव्हवर मूळ टिफ फाइल दिली आहे. ती क्यूजीआयएसमध्ये उघडून आयडेंटिफायचं बटण दाबा आणि हव्या त्या चौकोनावर क्लिक करा, उंची दिसेल.

आता शेततळ्याबद्दल, कारण खरं काम तेच आहे. तुमच्या शिवाराचा ए-थ्री नकाशा १:५,००० वर काढला तर साधारण दोन बाय दीड किलोमीटरचा भाग बसतो आणि चौकोन ६ मिलिमीटरचा होतो. त्यात तीन अंकी आकडा ठसठशीत येतो, मागे फिका रंगही ठेवता येतो. हा नकाशा आम्ही करून देऊ, फक्त छपाईचा दर लागेल. पण त्यावर ४५३ च्या शेजारी ४५४ दिसला म्हणून पाणी इकडून तिकडे जाईल असं धरू नका. या मोहिमेने उंचीतल्या चुकीची मर्यादाच १६ मीटर धरली होती, किमती पूर्ण मीटरमध्ये आहेत, आणि रडार झाडांवरून, छपरांवरूनही परत येतं. ओढा कुठे, टेकाड कुठे, एवढं त्यावरून ठरवा. सांडवा किती उंचीवर ठेवायचा ते ऑटो लेव्हल, म्हणजे जागेवर उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लावून मोजून घ्या. ते काम आम्ही करत नाही.

रिव्ह्यू ठेवा की बदला, तुमची मर्जी. नकाशा हवा असेल तर गट नंबर आणि गावाचं नाव दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पेनड्राइव्हवरची फाइल पुसली गेली असेल तर तसं कळवा, पुन्हा भरून देतो. त्याचे पैसे नाहीत.