जवसाची भाकर आणि फ्रिजवर पडलेल्या गोळ्या

मागच्या रविवारी अंबाजोगाईला आत्याकडं गेलो, तर तिच्या शुगरच्या गोळ्यांची पट्टी फ्रिजवर धूळ खात पडलेली. विचारलं तर म्हणाली, "आता कशाला लागतात रे गोळ्या? जवसाची भाकर चालू केलीय की." आणि मोबाईल पुढं केला.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. जवसाच्या भाकरीत कार्ब, म्हणजे कर्बोदकं, शून्य, म्हणून पोटभर खा. 21 दिवसांत शुगर मुळासकट जाते, गोळ्या बंद करा. ज्वारी म्हणजे निव्वळ साखर. जवसात माशाइतकं ओमेगा-3, म्हणजे ते हृदयाला चांगलं म्हणतात ते तेल. आणि रोज उपाशीपोटी कच्च्या जवसाचं पीठ चार चमचे. खाली कुण्या डॉक्टरचं नाव. गाव नाही, पत्ता नाही.

गोळ्यांचं आधी बोलतो, कारण सगळ्यात धोक्याची चूक तीच. आत्यानं गोळ्या सोडून नववा दिवस होता. तिच्याच मशीनवर सकाळी चहाआधी शुगर तपासली, 238, उपाशीपोटी म्हणजे बरीच जास्त. यावर तिचं उत्तर, "जवस अजून अंगी लागलं नसंल." आता काय बोलावं! जवसानं शुगर थोडीफार आटोक्यात यायला मदत होते, इतपत ठीक आहे. पण त्यानं औषधाची जागा भरत नाही. याची उलटी बाजू तर मेसेजमध्ये नावालाही नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत चालू ठेवून कुणी एकदम भाकर-भात बंद केला, तर शुगर धाडकन खाली येते: घाम, थरथर, कधी शुद्धही जाते. आणि डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) गोळी घेणाऱ्यानं कडक लो-कार्ब, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी असलेला आहार, धरला तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, तोही शुगर फार वाढलेली दिसत नसताना. म्हणून आहार बदलायच्या आधी गोळ्यांची मात्रा डॉक्टरकडून ठरवून घ्यायची.

आता ते ‘शून्य’. इथं मला थोडं मागं सरावं लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण तक्त्यात 100 ग्रॅम जवसात कर्बोदकं 28.9 ग्रॅम आहेत, पण त्यातला 27.3 ग्रॅम नुसता चोथा, म्हणजे तंतू. वजा करून उरतात जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे नुसत्या जवसाची भाकर कडक लो-कार्बमध्ये बसते, हे खरंच आहे. पण मेसेजमधली कृती वाचली का? "भाकर थापली जावी म्हणून एक वाटी ज्वारीचं पीठ घाला." आत्यानं घातलं. तिची वाटी मी काट्यावर ठेवली, 108 ग्रॅम पीठ. त्यात सत्तरेक ग्रॅम कर्बोदकं, चार भाकरी झाल्या, म्हणजे एकीत सतरा-अठरा. दिवसाला 20 ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्याचा दिवस दुसऱ्या भाकरीच्या पहिल्या दोन-चार घासांतच संपला. आणि हे म्हणे शून्य!

ज्वारी लागतच नाही. जवस पाण्यात आपसूक चिकट होतं, त्या चिकटपणानंच पीठ बांधलं जातं. पिठात मीठ टाकून उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं. काटवटीत हातानं थापायला गेलात तर बोटांना डिंकासारखं लागतं, त्यामुळं प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून तव्यावर टाकायचं. भाकरीसारखी फुगणार नाही, रंग मातकट येतो, ठेच्याबरोबर बरी लागते.

"पोटभर खा" हेही त्याच तक्त्यानं खोटं ठरतं: 100 ग्रॅमला 534 कॅलरी, 42 ग्रॅम तेल. 30 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीला 160 कॅलरी होतात. अशा पाच रिचवून वजन का उतरत नाही म्हणून विचारू नका. तंतू एवढे असल्यावर पाणीही भरपूर प्यावं लागतं, नाहीतर पोट गच्च.

ज्वारीला साखर म्हणणाऱ्याला काय सांगावं? कडक लो-कार्बमध्ये ती बसत नाही, मान्य. बाकीच्यांनी मोजून खावी. ओमेगा-3 जवसात भरपूर, पण माशातलं वेगळं. जवसातलं शरीरात त्या रूपात फार थोडं बदलतं. आणि कच्चं पीठ नकोच. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे घटक थोडे असतात, भाजल्यावर कमी होतात. चटणीचं जवस आपल्याकडं आधी खरपूस भाजतातच की.

आत्यानं दीड किलो जवस दळायला नेलं होतं. गिरणीवाल्यानं हात जोडले, जातं तेलकट होतं म्हणून. मग सगळं मिक्सरात फिरवून डबा भरला, आणि तो डबा गॅसशेजारी. दळलेलं जवस उबेला लवकर खवट होतं. मी वास घेतला, नुकताच यायला लागला होता. डबा फ्रिजमध्ये गेला, फ्रिजवरची पट्टी तिच्या हातात दिली आणि सोमवारी सकाळी दवाखान्यात नंबर लावला.