झोळ

भंडारदऱ्याहून परतून आठवडा झाला, तरी सोसायटीच्या ग्रुपवर तो १९ सेकंदांचा व्हिडिओ अजून फिरतोय. त्यात मी काहीही करत नाही. हॅमॉकमध्ये, म्हणजे झाडांना बांधायच्या कापडी झुल्यात पडलोय आणि खाली खाली जातोय, बस. इतका संथ आणि सरळ, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खाली लिहिलं, "लिफ्ट कोणत्या कंपनीची?" चित्रीकरण आमच्या चिरंजीवांचं.

गेलो होतो काजवे बघायला. तंबूत उकडतं म्हणून हॅमॉक घेतलेला. सादड्याच्या दोन झाडांमधे त्याचे पट्टे असे ताणून बांधले, की टिचकी मारली असती तर तंबोऱ्यासारखे बोलले असते. तेवढ्यात, ज्यांच्या शेतात आमचे तंबू होते ते बाबा तंबाखू मळत आले.

"पाव्हनं, कपडे वाळत घालायचेत का?"

"नाही बाबा, मी झोपणारे."

त्यांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "एकटेच ना?"

मी दुर्लक्ष करून आत शिरलो. बाबा समोरच्या दगडावर बसले. थोड्या वेळाने उठले, माझ्या बुडाखाली हात घातला आणि म्हणाले, "दोन विती." मला वाटलं कौतुक आहे. पंधरा मिनिटांनी परत हात. "दीड." मग मात्र त्यांनी अंगावरच घेतलं. पावसाळ्यात पेपरात धरणांच्या पाणीपातळीचं कोष्टक येतं ना, तसा दर पाव तासाला आकडा. "एक वीत." "आठ बोटं." पलीकडच्या तंबूतली पोरं चहा सोडून आकडा ऐकायला येऊ लागली. समोर १९२६ साली बांधून पुरं झालेलं धरण एवढं पाणी अडवून उभं, आणि मला दोन पट्ट्यांना एक संध्याकाळ पेलवेना.

उतरलो, पुन्हा ताणलं. गाठीही आवळत जाऊन लांबी सोडत होत्या.

"ढिली बांधा," बाबा म्हणाले. "आन् जरा वर. बायामानसं शेतात लेकराची झोळी बांधतात, ती कधी ताणून बांधतात का?"

"बाबा, हे वेगळं असतं."

"हां. लेकरू वेगळं हाये."

पलीकडच्या तंबूत पुण्याचा एक इंजिनियर होता. असतोच. त्याने न विचारता कागद काढला. माझं वजन ८० किलो. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला ८० किलोचा ताण. तोच पट्टा ताणून १० अंशांवर आणला, की ताण २३० किलो. म्हणजे मी जितका जोर लावत होतो, तितका पट्ट्याच्या दृष्टीने जाडा होत होतो. वजनाबद्दल घरात बोलणारे आधीच पुष्कळ आहेत, त्यात आता भूमिती.

मग वळवाची सर आली. पट्टे नायलॉनचे. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की आणखी सैल सुटतं, पॉलिस्टर एवढं नाही. हे मला आता कळलंय. दुकानात विचारलं होतं तेव्हा "एकदम स्ट्राँग सर" एवढंच उत्तर मिळालं होतं. व्हिडिओ त्या सरीनंतरचा. शेवटी 'चळ्‌' असा जो आवाज येतो, ते डबकं.

मुंबईत लबाडीला 'झोल' म्हणतात, दोरी मधे लोंबली की 'झोळ'. हा ल-ळचा फरक कंपनीला मंजूर नसावा. खोक्यावर ठळक अक्षरांत '२०० किलो'. कबूल, पट्टा तुटला नाही. तुटला असता तर निदान पैसे परत मागता आले असते! पण ८० किलोचा माणूस किती वाजता जमिनीला टेकेल, हे कुठेच छापलेलं नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, "हा दोष नसून उत्पादनाची लवचिकता आहे." खाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली म्हणून. दोन हजार रुपये मोजून ओलं व्हायचं, वर चांदण्याही आपणच द्यायच्या.

काजवे दिसले म्हणे छान. मी तेव्हा पँट पिळत होतो.

रात्री बाबांच्या पडवीत घोंगडीवर झोपलो, आणि खरं सांगायचं तर मस्त झोप लागली, याचाही रागच आला. पहाटे बाहेर आलो तर हॅमॉक भरलेला. माझ्या सगळ्या गाठी सोडून, पट्टे पार डोक्याच्या वर नेऊन, ऐसपैस सैल बांधलेले. आत बाबा, छातीवर टोपी. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं. वाकून खाली हात घातला.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "किती?"

"दोन विती."

"मंग ठीक," म्हणाले, आणि कुशीवर वळले.