आरपार दिसतो ना? मग झाला ग्लास फिश!

गेल्या आठवड्यात पुन्हा एक फोटो आला. अंगठ्याएवढा मासा, पाठीवर गुलाबी पट्टा, पोटाखाली पोपटी आणि सोबत प्रश्न: "ही ग्लास फिशची कोणती जात? दुकानदार म्हणाला, ओरिजिनल डिस्को." पुण्यात अशा जिज्ञासूंची कमतरता कधीच नव्हती. तेव्हा पारदर्शक मासे ओळखण्याचं शास्त्र एकदाचं सांगूनच टाकतो.

आधी फोटो. मासा तुमच्याकडे तोंड करून असतानाच टिपा. रात्री, फ्लॅश मारून. काचेवर शेवाळ असेल तर सोन्याहून पिवळं. मागे काळा कागद लावून, बाजूने, पर उघडे असताना काढलेला फोटो कटाक्षाने टाळा. त्यात पर मोजता येतात, आणि पर मोजले की मासा ओळखू येतो. मग विचारायला काय उरलं?

आता नाव. अंगातला काटा दिसतोय? ग्लास फिश. संपलं. कॅम्पापासून सिंहगड रोडपर्यंत हेच चालतं. पाठीवर दोन पर आणि पुढच्यात टोकदार काटे असतील तर तो परांबासिस रांगा, म्हणजे इंडियन ग्लास फिश. पण आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य? तोंडाशी दोन लांब मिश्या, पाठीवरचा पर जवळजवळ नाहीच आणि पोटाखालचा पर थेट शेपटीपर्यंत गेलेला, तर तो ग्लास कॅटफिश. पण मिश्या काय, झुरळालाही असतात. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक इवलासा जादा पर, शिवाय पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांवर पिवळा-काळा-पांढरा पट्टा, तर एक्स-रे टेट्रा. तसाच जादा पर पण शेपूट लाल, तर ग्लास ब्लडफिन. एक आपल्याकडचा, एक थायलंडचा, दोन दक्षिण अमेरिकेचे. असू देत, एकाच पिशवीत भरा.

शास्त्रीय नावाची हौस असेल तर जुनंच वापरा: क्रिप्टोप्टेरस बायसिरिस. दुकानात मिळणारा ग्लास कॅटफिश तो नव्हेच, हे एनजी आणि कोटेलाट या मत्स्यशास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून त्याला क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस असं नाव दिलं. आपला साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, खरा बायसिरिस पंधरापर्यंत जातो. पण पट्टी लावून मोजायला आपण काय शिंपी आहोत?

अंग लांबट आणि खालचा जबडा पुढे आलेला दिसला तर तो चंदा नामा. उजनीतही सापडतो. इतर माशांचे खवले उपटून खाणं हा त्याचा आहार आहे. त्याला गोल्डफिशसोबत ठेवा, ओळख आपोआप पटेल.

टाकीत मीठ टाका. रांगा हा तळ्यांत आणि तुंबलेल्या शेतांत राहणारा गोड्या पाण्यातला मासा आहे, पण कुणीतरी सांगितलं ना, मग टाका.

ग्लास कॅटफिश नेहमी एकच आणा. सहापेक्षा लहान कळपात तो भेदरतो, कोपरा धरतो, खाणं सोडतो आणि त्याचं अंग धुरकट होत जातं. मेला की उकडलेल्या अंड्यासारखा पांढराफटक. ही 'मिल्की व्हाइट' व्हरायटी म्हणून खपवता येते. त्याला खवले नाहीत, त्यामुळे तांब्याचं औषध पूर्ण मात्रेत ओतलंत की व्हरायटी आणखी लवकर तयार होते.

आता ते गुलाबी-पोपटी प्रकरण. हा रंग ओळखायची पद्धत अशी की ओळखायचाच नाही. दुकानदार 'नॅचरल' म्हणाला की नॅचरल, 'ग्लोफिश' म्हणाला की ग्लोफिश. ग्लोफिशमध्ये रंगाचा जनुक असतो, म्हणून तो रंग सगळ्या अंगात पसरलेला असतो आणि पिल्लांतही उतरतो, हे लक्षात ठेवायची गरज नाही. तुमच्या फोटोतला रंग फक्त पाठीच्या कडेला आणि पोटाखालच्या पराच्या मुळाशी आहे, ठिपक्याठिपक्यांनी साचलेला, डाव्या बाजूला एक आणि उजवीकडे भलताच. कारण तो सुईने भरलाय. जिवंत माशाला धरून, कातडीखाली, एका जागी नाही, अनेक जागी. अंग पारदर्शक आहे म्हणूनच हा मासा निवडला, आत भरलेलं बाहेरून दिसतं म्हणून. काही महिन्यांत रंग विटतो. सुईच्या जखमांतून संसर्ग होतो, आणि रंगवलेल्या ग्लास फिशमध्ये लिम्फोसिस्टिस जास्त आढळतो. परांवर पांढऱ्या फुलकोबीसारख्या गाठी येतात तो. विषाणूचा आजार आहे, त्यावर औषध नाही. मग तुम्ही पुन्हा फोटो पाठवणार, "फंगस आलंय, काय टाकू?"

खऱ्या रांगाचा रंग बघितलाय कधी? अंगाला मधासारखी झाक आणि नराच्या परांना बारीक निळी किनार. फुकट मिळतो तो रंग. पण दिवाणखान्यातल्या निळ्या एलईडीखाली चमकत नाही ना!

आता सरळच सांगतो. हा मासा दुकानात येतो कारण तुम्ही घेता. पोराने बोट दाखवलं की तुम्ही पाकीट काढता, घरी येऊन जात विचारता, आणि 'टोचलाय' असं उत्तर आलं की "आम्हाला काय माहीत" म्हणता. माहीत करून घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव 'प्राणी' आहे, आणि त्याला अपायकारक पदार्थ देणं हा गुन्हा. मासा त्यातून वगळलेला नाही. दुकानदाराला हे तोंडावर विचारा. पिशवीला रबर लावायच्या आधी विचारा. उडवाउडवी केली तर मासा आणि पिशवी दोन्ही तिथेच सोडून बाहेर पडा.

आणि आणून ठेवलाच असेल तर आता मुठेत सोडायला जाऊ नका. निदान साठ लिटरची टाकी, पाच-सहा सोबती, मीठ नाही, पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर, खायला आर्टेमिया किंवा डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव. सुकं खाणं तो सहसा तोंडात घेत नाही. रंग उतरला म्हणून बदलून दुसरा आणायला मात्र जाऊ नका.