ललिता पवारांचं आयुष्य एका थपडेत मावत नाही

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी तोच मजकूर फिरून येतो. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात नवख्या भगवानदादांनी ललिता पवारांच्या थोबाडीत मारली, डोळा गेला, एका देखण्या नायिकेची कारकीर्द तिथंच संपली आणि पुढं जन्मभर तिच्या वाट्याला खाष्ट सासूच आली. सोबत दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. वाचणारा हळहळतो आणि पुढं पाठवतो. मला मात्र दर वेळी चीड येते.

थप्पड खरी आहे. प्रसंगातच ती होती, हात फार जोरात बसला. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, उपचार लांबले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. हे दुखणं कुणी हलकं मानू नये. पण भगवानदादा तेव्हा नवखे नव्हते. १९३८ सालीच ते दिग्दर्शनातही उतरले होते.

‘देखणी नायिका’ एवढीच ओळख देणंही अन्यायाचं आहे. येवल्याकडची, १९१६ साली जन्मलेली ही अंबू सगुण, म्हणजेच पुढच्या ललिता पवार, मूकपटांच्या काळात, बालवयातच कॅमेऱ्यासमोर आली. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता, पुढं ‘दुनिया क्या है’ हा बोलपटही तिनं काढला. विशीच्या आसपासची मराठी मुलगी तेव्हा सिनेमात स्वतःचा पैसा घालत होती! हे त्या मजकुरात कधीच येत नाही, कारण मग ती बिचारी वाटत नाही.

आता ‘कारकीर्द संपली’ या दाव्याकडे येऊ. १९४४ साली, म्हणजे थपडेनंतर दोनच वर्षांनी, प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. त्यात आनंदीबाई कोण होती? ललिता पवार. ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई मराठी माणसाच्या मनात आधीच पक्की बसलेली. तिला पडद्यावर उभी करणं हे संपलेल्या नटीला दिलेलं दयेचं काम असूच शकत नाही. त्यानंतर चार दशकांहून जास्त काळ त्या काम करत राहिल्या. नायिकेच्या भूमिका गेल्या, हे खरं. कारकीर्द गेली, हे साफ खोटं.

आणि खाष्ट सासू? ती होतीच, आणि अशी होती की गावोगावच्या सुना पडद्याकडं बघून दातओठ खात. पण १९५५ च्या ‘श्री ४२०’मधली मुंबईच्या रस्त्यावरची केळेवाली आठवा. १९५९ च्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा आठवा: भाडेकरू पोरावर तोंडानं सतत करवादणारी, आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावणारी. तिचा मृत्यू आजही बघवत नाही. या भूमिकेला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९६१ च्या ‘मेम दीदी’त तर शीर्षकभूमिकाच त्यांची. त्याच वर्षी संगीत नाटक अकादमीनंही त्यांना गौरवलं. ‘आनंद’मधली दवाखान्याची मेट्रन याच जातीची, वरून कडक आणि आत ओलीचिंब.

अलीकडं याच गोष्टीची उलटी आवृत्तीही दिसते: थप्पड बसली म्हणूनच एवढी मोठी चरित्र अभिनेत्री घडली. हे मला जास्तच खटकतं. इजेला कसलं श्रेय द्यायचं? तो डोळा कधी बारीक करायचा, कधी त्यात कावा आणायचा आणि कधी त्याच चेहऱ्यावर माया आणायची, हे त्यांनी स्वतः कमावलेलं होतं.

१९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. त्यातली मंथरा कैकेयीच्या कानाशी लागली की भरलेली घरं गप्प व्हायची. तेव्हा ललिताबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या.